सिस्टरला पगार होता: एका बी.एड. पोरीची केस

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला १६ आठवड्यांची इंटर्नशिप असते आणि त्यात रोज एक रिफ्लेक्टिव्ह जर्नल, म्हणजे आपल्या शिकवण्याचा विचार करून लिहायची डायरी, लिहायचं असतं. ते कसं लिहितात हे बी.एड. केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, उगाच लाजायचं कारण नाही. सिनियरची फाईल आणायची, तारखा बदलायच्या, "आज विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद मिळाला" हे वाक्य दर दोन पानांनी टाकायचं, आणि शेवटच्या आठवड्यात तीन रात्री जागून, पेन बदलून बदलून उतरवायचं म्हणजे रोज लिहिल्यासारखं दिसतं. मी कोल्हापुरात बरीच वर्षं गणित मेथड शिकवते, असले गठ्ठे डोळे मिटून तपासता येतात (काही तपासलेतही).

२०२५ च्या सुरुवातीला एक जर्नल वेगळं आलं. प्रत्येक पानाच्या तळाला आडवी रेघ आणि रेघेखाली तीन-चार नावं, बाकी काही नाही. काही नावं तीन दिवस सलग, मग चौथ्या दिवशी गायब. एक नाव अकरा दिवस होतं. मला आधी वाटलं गैरहजर पोरांची यादी असेल, तर त्या पोरीला केबिनला बोलावून विचारलं.

"आज तासाला जी एक शब्द बी बोलली न्हाईत त्यांची नावं हायत मॅडम."

"कुणी सांगितलं लिहायला?"

"कुणी न्हाई. आमच्या सिस्टर लिहायच्या, मी बघितलोय."

(कोल्हापूरबाहेरच्यांसाठी: "बघितलोय" ही चूक नाही. आमच्याकडं बायका "मी आलो, मी गेलो"च म्हणतात, मीसुद्धा घरात तेच म्हणते, लिहिताना तेवढं "म्हणते" लिहिते.)

ही केस तिथून सुरू झाली. तिच्या आणि सिस्टरच्या, म्हणजे तिला शाळेत शिकवणाऱ्या ननच्या, परवानगीनं लिहितेय. नाव, गाव, शाळा गाळलंय. तिला इथं पोरगीच म्हणते, आमच्या स्टाफरूममध्ये तसंही सगळ्यांना तेच म्हणतात.

घरचं

पंचगंगेपलीकडचं गाव. बापाचं वर्कशॉप, आई घरी, आणि आबा, म्हणजे आजोबा, माळकरी. वर्षाला वारी, एकादशी, गावात हरिनाम सप्ताह असला की पहिल्या रांगेत टाळ घेऊन, आणि आसपासच्या वाड्यांवर कीर्तनालाही उभे राहायचे. कीर्तनाचे पैसे घ्यायचे नाहीत ही वारकऱ्यांतली जुनी शिकवण, आबा ती अक्षरशः पाळायचे, कुणी पाकीट पुढं केलं तर चिडायचे. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पोरीला पाचवीला शहरातल्या सिस्टर लोकांच्या शाळेत घातलं. कारण एकच, मुलींची शाळा आणि शिस्त. अनुदानित, मराठी माध्यम. गावात लगेच कुजबुज, "बाटवतील पोरीला". बापही जरा चलबिचल. आबांनी मात्र विषय संपवला. ते म्हणाले म्हणे, दसरा चौकात जाऊन बघा, शाहू महाराजांनी कुणाकुणाची बोर्डिंगं काढून दिल्यात. खरंच आहे ते, १९०१ ला मराठ्यांचं, त्याच वर्षी जैनांचं, १९०६ ला मुस्लिम, १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क. आणि मिशनवाले तर महाराजांच्या जन्माच्या आधीपासून इथं, रॉयल वाइल्डर १८५२ ला आले, चर्च अजून त्यांच्या नावानं आहे. म्हणजे धर्मवाल्या माणसाकडून शिकणं ही कोल्हापूरला नवी गोष्ट नव्हेच.

बाटवायचं म्हणाल तर शाळेत कॅथलिक मुलींचा धर्मशिक्षणाचा तास वेगळा असायचा आणि त्या वेळी बाकीच्यांना मूल्यशिक्षण. कायद्यानंही तसंच आहे, घटनेच्या कलम २८ प्रमाणे सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत अल्पवयीन मुलाला पालकाच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. पोरगी सांगते, पाच-सहा वर्षांत सिस्टरनी तिला देवाबद्दल एकच गोष्ट सांगितली, ती पण परीक्षेच्या दिवशी, "देव उत्तर सांगत नाही, बाकड्यावर नीट बस."

सिस्टर

केरळच्या. पंचविशीत कोल्हापूरला आल्या आणि मराठी इथंच, बाजारात आणि वर्गात शिकल्या, त्यामुळं त्या "मी येतो, मी जातो" म्हणतात ते मल्याळीमुळं की कोल्हापूरमुळं हे आजतागायत कुणाला ठरवता आलेलं नाही. गणित शिकवायच्या.

मी पोरीला विचारलं की शिक्षक व्हायचं हे नेमकं कधी ठरलं, तर तिला एक दिवस सांगता येईना. मग मी म्हटलं सिस्टर काय काय करायच्या तेवढं सांग. त्यात तीन गोष्टी आल्या.

पहिली, सातवीतली. अपूर्णांक चालू होते आणि वर्गातल्या एका मुलीला छेद समान करणं काही केल्या जमेना. सिस्टरनी हिला तिच्या शेजारी बसवलं आणि अट घातली, उत्तर सांगायचं नाही, फक्त प्रश्न विचारायचे. ही तीन दिवस वैतागली. चौथ्या दिवशी डब्यातल्या भाकरीचे आधी दोन, मग चार, मग आठ तुकडे केले आणि त्या मुलीच्या तोंडून "अगं, म्हणजे अर्धी म्हणजे चार आठवे" असं आलं. पोरगी म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी भाकरी खाल्लोच न्हाई, बघतच बसलो." मला विचाराल तर ठरलं ते इथंच, बाकी सगळं नंतर सुचलेलं आहे.

दुसरी, वही. सिस्टरच्या टेबलावर एक छोटी वही असायची, तास संपला की दोन-तीन नावं लिहायच्या. पोरींना वाटायचं शिक्षा करायची यादी आहे, सगळ्या टरकून असायच्या. दहावीला असताना हिनं धीर करून विचारलं. तर सिस्टर म्हणाल्या, रात्री प्रार्थनेच्या वेळी आम्ही दिवस तपासतो, काय चांगलं झालं, कुठं चुकलो, तेव्हा ही नावं लागतात. ही पद्धत जुनी आहे, कॅथलिक संन्यस्त लोक रात्रीच्या प्रार्थनेत आत्मपरीक्षण करतातच, सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोलानं तर ती रोजची शिस्त करून ठेवली. सिस्टरनी त्यात फक्त आपला वर्ग घातला. आम्ही बी.एड.वाले हेच "रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिस" म्हणून युनिट तीनमध्ये शिकवतो, पाच मार्कांना येतं, आणि पोरं सिनियरची फाईल उतरवतात. आमच्या हातून दोन वर्षांत जे होत नाही ते तिला दहावीत नुसतं बघून आलं होतं, हे मान्य करायला जरा जड गेलं मला.

तिसरी, २०१९ चा महापूर. ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली, धोका पातळी ४३, त्यावरून काय ते समजा. पोरगी तेव्हा बारावी सायन्सला, घर पाण्यात, सगळं कुटुंब शहरात एका हॉलमध्ये मुक्कामाला. सिस्टरना कळलं तशा त्या बिस्किटाचे पुडे आणि खडूचा बॉक्स घेऊन आल्या, हॉलमधली आठ ते बारा वयाची वीसेक पोरं हिच्यापुढं बसवली आणि म्हणाल्या, "दहा ते बारा तू घे, मी दुपारी येतो." आणि गेल्या! ना सूचना, ना पुस्तक. पोरांनी पहिला दिवस नुसता गोंधळ घातला. दुसऱ्या दिवशी हिनं पुराचं पाणी इंचात मोजायला लावलं, बाहेरच्या भिंतीवर खडूनं खुणा करून, सकाळी-संध्याकाळी फरक काढायचा, वजाबाकी आपोआप झाली. पाणी उतरायला लागलं तेव्हा पोरं आनंदानं वजाबाकी करत होती. सहा दिवस चाललं हे. सहाव्या दिवशी सिस्टर येऊन मागं बसल्या, काही बोलल्या नाहीत, जाताना वहीत काहीतरी लिहिलं. "माझं नाव लिहिलं असणार," पोरगी म्हणते, "त्या दिवशी मीच गप होतो."

पुढं बारावीला मार्क बरे पडले, घरात इंजिनिअरिंगचा आग्रह. हिला मॅथ्स घेऊन बी.एस्सी. आणि मग बी.एड. करायचं होतं. सिस्टरकडं गेली, वाटलं पाठीवर थाप मिळेल. मिळाली नाही. सिस्टर म्हणाल्या, "पाचारण आहे का नुसतं आवडतंय ते आधी बघ. एक वर्ष गल्लीतल्या पोरांना शिकव, कंटाळा येईल, तेव्हा मला सांग." पाचारण हा मराठी ख्रिस्ती लोकांतला शब्द, देवानं एखाद्या कामाला हाक मारणं. नन व्हायला निघालेल्या मुलीलाही लगेच शपथ देत नाहीत, काही वर्षं पारखतात, तेच सिस्टरनी हिला लावलं. वर्षात तीन वेळा कंटाळा आला आणि तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी गेला. हे ऐकून आबा म्हणाले, आमच्यात याला वसा म्हणतात. झालं, एका बाजूनं पाचारण आणि दुसऱ्या बाजूनं वसा, पोरगी अशी पक्की होऊन आमच्याकडं बी.एड.ला आली.

अडचण

आता केसमधला मुद्दा. इंटर्नशिप संपता संपता एका विनाअनुदानित शाळेनं हिला विचारलं. चार तुकड्यांचं गणित, महिना पाच हजार, नेमणुकीची लेखी ऑर्डर नाही, "अप्रूव्हलचं (म्हणजे शिक्षण खात्याच्या मान्यतेचं) पुढं बघू". हिनं हो म्हटलं. नुसतं हो नाही, पेढे घेऊन आली.

मी विचारलं टीईटीचं काय, टेटचं काय. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, १५० मार्कांची, ६० टक्के म्हणजे ९० पाडायचे, आणि पवित्र या सरकारी शिक्षकभरतीच्या पोर्टलवरून लागायचं तर वर २०० मार्कांची अभियोग्यता चाचणी, म्हणजे टेट. अभ्यास पाहिजे, दिवसाला आठ तास शाळेत घासून रात्री होत नाही तो. ही म्हणाली, बघू मॅडम, पोरं तर मिळाली शिकवायला.

पाच हजार का घेतेस? मग म्हणाली ते वाक्य मी त्याच दिवशी डायरीत लिहिलं: "सेवेला बी जायचं आणि पैशाचं बी बोलायचं, कसं दिसतंय ते? सिस्टरनी कधी पगार घेतला का? आबांनी कीर्तनाचा रुपया घेतला का?"

मी गपच झाले. कारण हे तिला फक्त त्या दोघांनी शिकवलेलं नव्हतं. दर ५ सप्टेंबरला "शिक्षकी हा पेशा नव्हे, व्रत आहे" हे भाषण आमच्या हॉलमध्ये कोण करतं, तर आम्हीच. मी स्वतः केलंय. आणि नोकरीच्या सुरुवातीला एका संस्थेत मी तीन वर्षं अर्धा पगार घेऊन पूर्ण पगाराच्या पावतीवर सही केलीय, तेही व्रत म्हणूनच केलं असं तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. या शब्दावर कुणाच्या इमारती उभ्या राहतात ते कोल्हापुरात सगळ्यांना माहीत आहे.

कायदा सांगून बघितला. खाजगी शाळांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा मान्यताप्राप्त शाळेला लागू होतो, अनुदानित असो वा विनाअनुदानित, नेमणूक लेखी पाहिजे, पगार ठरलेल्या श्रेणीनं पाहिजे, काढून टाकलं तर शाळा न्यायाधिकरणाकडं दाद मागता येते. सरकारी शिक्षण सेवकाला (म्हणजे मानधनावरच्या नव्या शिक्षकाला) सुद्धा २०२३ पासून प्राथमिकला १६ हजार आणि माध्यमिकला १८ हजार मानधन आहे. पोरगी सगळं ऐकून "व्हय मॅडम" म्हणाली, आणि तिच्या तोंडावरून कळत होतं की मी तिला काहीतरी हलकं, बाजारी सांगतेय असं तिला वाटतंय. तिच्या लेखी सिस्टर वर आणि मॅडम खाली, आणि त्यात तिचं चुकतही नव्हतं.

मग मी सिस्टरना भेटायचं ठरवलं. हिलाही सोबत घेतलं.

कॉन्व्हेंटमधला चहा

सिस्टर ५८ ला निवृत्त झाल्यात, अजून कोल्हापुरातच असतात, संध्याकाळी धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या पोरांचा वर्ग घेतात. चहा, केळ्याचे वेफर्स. पोरगी पाया पडली, सिस्टर "उठ उठ" म्हणाल्या. मी सगळं सांगितलं, पाच हजार, ऑर्डर नाही, आणि ते "सिस्टरनी कधी पगार घेतला का".

सिस्टर पोरीकडं बघत राहिल्या. मग हसल्याच.

"मला पगार होता की! शाळा अनुदानित आहे. दर महिन्याला सरकार द्यायचा, पूर्ण स्केल. तू काय समजलास?"

पोरीला हे खरंच माहीत नव्हतं. सहा वर्षं जिच्या हाताखाली शिकली तिचा पगार दर महिन्याला बँकेत जमा होत होता, तोही आपल्या जिल्हा परिषदेच्या गुरुजींसारखाच, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. अनुदानित शाळेतल्या नन आणि फादर लोकांना पगार सरकारचाच असतो, फक्त त्यांनी दारिद्र्याचं व्रत घेतलेलं असल्यामुळं तो त्यांच्या धर्मसंघाकडं जातो. त्याच्यावर टीडीएस कापायचा का नाही यावर वर्षानुवर्षं केस चालली आणि २०२४ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं कापायचा असं सांगितलं, पेपरात पण आलेलं.

सिस्टर पुढं बोलल्या ते जवळजवळ त्यांच्याच शब्दांत देते: "पैसे मी माझ्याजवळ ठेवला नाही, संघाला दिला. संघ मला जेवण देतो, खोली देतो, गुडघ्याचं ऑपरेशन केला, मरेपर्यंत बघणार. मी गरीब राहण्याची शपथ घेतला, पण मी कधी उपाशी नव्हतो. तू शपथ घेतला का? तुझा संघ कुठं आहे? आजारी पडलीस तर ती शाळा येणार का?"

पोरगी गप्प.

"आणि माझी शपथ माझ्या संघाजवळ होती, शाळेच्या चेअरमनजवळ नाही. तुझी गरिबी घेऊन तो श्रीमंत होणार, हे कुठलं पाचारण?"

मी चहा पिता पिता मनातल्या मनात माझी सगळी ५ सप्टेंबरची भाषणं परत घेतली. पण एक सांगायला पाहिजे, सिस्टरचीही यात चूक होती आणि त्यांनी ती स्वतःच काढली. म्हणाल्या, "मी यांना सगळं दाखवला, पगाराची स्लिप कधी दाखवला नाही. वाटायचं, नन पैशाचं बोलला तर पोरी काय म्हणतील." पोरींनी साधी साडी, एक चप्पल, एक छत्री एवढंच बघितलं आणि त्यावरून अर्थ लावला. धर्मवाला शिक्षक जे बोलतो त्यापेक्षा जसा राहतो त्यातून पोरं उचलतात, वही तशीच उचलली आणि हा गैरसमजही तसाच. वही बघताना निदान हिनं विचारलं होतं.

परत येताना रिक्षात पोरगी म्हणाली, "आबांचा तीस गुंठे ऊस हाय मॅडम." मला आधी कळेना मध्येच ऊस कुठून आला. "म्हणजे कीर्तनाचे पैसे घेत न्हवते, पण कारखान्याचं बिल येत होतं की." दसरा चौकाच्या सिग्नलला थांबलो होतो. मला तिथं भाऊराव पाटील आठवले. कुंभोजचा हा मुलगा इथल्याच जैन बोर्डिंगात राहायचा, आणि मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला जाऊन आल्यावर आंघोळ कर म्हटलं तर केली नाही म्हणून बोर्डिंगातून बाहेर पडावं लागलं असं सांगतात. पुढं १९१९ ला त्यांनीच रयत काढली. म्हणजे धर्माच्या बोर्डिंगानं घडवलं का तिथं एका गोष्टीला नाही म्हटल्यानं घडले, हे मी दर वर्षी वर्गात विचारते, कुणाला उत्तर येत नाही, मलाही नाही. त्या दिवशी मी पोरीला विचारलं नाही, ती आधीच बरंच काही मोजत बसली होती.

पुढं काय झालं

फार गोड काही नाही. तिनं शाळेकडं लेखी ऑर्डर मागितली. हेडमास्तर म्हणाले, सिस्टर लोकांच्या शाळेतली म्हणून तुला घेत होतो, सेवाभाव असेल असं वाटलेलं. हे वाक्य ऐकून ती तिथंच उठून आली, आणि घरी येऊन रडली, कारण पोरं गेली हातातली. आबा दोन दिवस बोलले नाहीत तिच्याशी. त्यांच्या मते ऑर्डर मागणं म्हणजे पाकीट मागणं. उसाच्या बिलाचा मुद्दा तिनं काढला नाही, म्हणाली त्यांच्या तोंडावर नाही बोलवत.

बाप मात्र खूश, हे मला अपेक्षित नव्हतं. त्यानं वर्कशॉपच्या वरची खोली रिकामी करून दिली, तिथं तिनं संध्याकाळी सातवी ते दहावीचा गणिताचा क्लास काढलाय. सकाळी टेटचा अभ्यास. भरती कधी निघेल ते पोर्टललाच ठाऊक.

माझ्याकडं केस म्हणून यातलं नोंदवण्यासारखं बरंच आहे. एक बदल मी लगेच केलाय, दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या तासाला आता माझी सॅलरी स्लिप प्रोजेक्टरवर लावते, कपातीसकट, आणि शेजारी ती जुनी अर्ध्या पगाराची गोष्ट सांगते. प्राचार्यांना फारसं आवडलेलं नाही. जर्नलमध्ये तळाला रेघ मारायलाही सांगून बघितलं, तर पोरं आता नावंसुद्धा सिनियरच्या फाईलमधून उतरवतात, त्यावर इलाज नाही.

मागच्या महिन्यात पोरगी महाद्वार रोडला भेटली, हातात खडूचे बॉक्स. क्लासला एकोणीस मुलं झालीत. महिना पाचशे रुपये, आणि दोघांना फी नाही. सिस्टर गुडघा सांभाळत जिना चढून क्लास बघायला आल्या होत्या म्हणे, मागं बसल्या, वही काढली. मी विचारलं, मग काय म्हणाल्या?

"फी विचारल्या. सांगितलो. तर म्हणाल्या, कमी घेतो तू."